न संपणारी सिगारेट

सिगारेट सोडण्याविषयी याच सदरात लिहिलं, तेव्हा चाळिशी-पन्नाशीतले वाचक लिहितील असं वाटलं होतं. आलेली बहुतेक पत्रं निघाली तरुणांची, नाहीतर त्यांच्या आईवडिलांची, आणि जवळजवळ सगळी वेपविषयी, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटविषयी. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न: माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सिगारेटला त्याने कधी हातही लावला नव्हता. परवा त्याची जीन्स मशीनला टाकताना खिशात बोटाएवढी चपटी वस्तू सापडली. मला पेन ड्राइव्ह वाटला. नाकाशी धरली तर फळासारखा गोड वास. विचारलं तर म्हणाला, "आई, वेप आहे. नुसती वाफ असते, सिगारेट थोडीच आहे." यजमानांनी ती त्याच्यासमोर फोडली. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद आहे आणि मुलगा घरात सगळ्यांवर खेकसतोय. मला झोप लागत नाही. हे कितपत धोक्याचं आहे? मी काय करू?

उत्तर: ताई, तुमचा मुलगा तुमच्याशी खोटं बोललेला नाही. त्याला ती वाफच वाटते, कारण ज्याने त्याच्या हातात पहिल्यांदा दिली त्यानेही तेच सांगितलं असणार. पण ती पाण्याची वाफ नव्हे. प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरिन अशा दोन गोडसर द्रवांत निकोटिन आणि फ्लेवर मिसळलेले असतात. बॅटरीवर एक बारीक तार तापते, द्रव उडतो आणि लगेच थंड होऊन त्याचे अतिशय सूक्ष्म थेंब होतात. ते थेंब फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात.

मागे एका मुलाने स्वतःहून त्याचं वेप माझ्या टेबलावर ठेवलं होतं. हातमोजे घालून मी ते त्याच्यादेखत एका कोऱ्या कागदावर उघडलं. आत निघाली बोटभर बॅटरी, तिच्या वर एक नळी, नळीत कापसाची छोटी वात आणि वातीला लागून केसासारख्या तारेचे पाच-सहा वेढे. कापूस मुळात पांढरा असणार. जिथे तार टेकत होती तिथे तो करपून काळा पडला होता, बाकीचा तपकिरी. कागदावर तेलकट डाग हळूहळू पसरत गेला आणि खोलीभर तो गोड वास सुटला. मुलगा वातीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे मी ओढत होतो?" मी त्याला त्या दिवशी आणखी काही समजावलं नाही.

(हे घरी करून पाहू नका. निकोटिनचा द्रव कातडीतून अंगात जातो आणि लिथियमची बॅटरी चेपली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. यजमानांनी फोडलेल्या वेपचे तुकडे अजून घरात असतील तर लहान मुलांपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.)

तार तापते तेव्हा तिच्यातून निकेल, क्रोमियम, शिसं असे धातू थोडेथोडे थेंबांत उतरतात. द्रव संपत आला आणि वात कोरडी पडली की ग्लिसरिन करपतं, त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन ही विषारी रसायनं तयार होतात. ओढणारी मुलं त्याला 'जळका कश' म्हणतात आणि तोंड वाकडं करतात, पण तोवर तो आत गेलेला असतो. तीस-चाळीस वर्षं वेप ओढलेल्या माणसाची फुप्फुसं कशी दिसतात हे कुठलाही डॉक्टर तुम्हाला सांगू शकणार नाही, कारण वेपच मुळी तेवढ्या वर्षांचं नाही. आज मिळतात तसं यंत्र बीजिंगमधल्या होन लिक नावाच्या फार्मासिस्टने २००३ मध्ये तयार केलं. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा आणि त्याला त्या सोडायच्या होत्या. म्हणजे हे यंत्र बनलं ते सिगारेटच्या विळख्यातल्या प्रौढ माणसासाठी. तुमच्या मुलाने तर सिगारेटला कधी हातही लावला नव्हता, असं तुम्ही लिहिलंय.

मला खरी काळजी आहे ती निकोटिनची. मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. मोहाला आवर घालणारा, पुढचा विचार करणारा भाग सगळ्यांत शेवटी पक्का होतो, आणि त्या वयात निकोटिनची सवय लवकर जडते, घट्ट बसते. त्यात सिगारेट निदान जाणीव तरी करून देते. घसा खवखवतो, बोटांना वास येतो, राख पडते आणि दहा-बारा झुरक्यांत ती संपते. दुसरी पेटवायची तर हात पुन्हा पाकिटाकडे न्यावा लागतो, तेवढ्यात "आता नको" असा विचार मनात येऊन जायला जागा मिळते. वेपमध्ये हे काहीच होत नाही. वेपला शेवटचा झुरका नसतो. सिगारेटसारखा वास नाही म्हणून खोलीत ओढता येतं, गादीवर, लेक्चरला मागच्या बाकावर, लिफ्टमध्ये. पूर्वीच्या द्रवातलं निकोटिन जास्त झालं की घशाला झोंबायचं आणि माणूस आपोआप थांबायचा. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जूल या वेपच्या ब्रँडने त्यात बेन्झोइक आम्ल मिसळून निकोटिनचे क्षार वापरले. झोंबणं गेलं, आणि दर मिलिलीटरला ५९ मिलिग्रॅम इतकं निकोटिन ठसका न लागता आत जाऊ लागलं. युरोपीय संघात याची कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. थांबायला सांगणाऱ्या जेवढ्या खुणा होत्या, तेवढ्या एकेक करून पुसल्या गेल्या. मग मुलाला कळणार कसं, की आपण किती ओढतोय?

आता घरातलं. मुलगा सगळ्यांवर खेकसतोय म्हणता. निकोटिन एकदम थांबलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड, बेचैनी, डोकेदुखी, झोप उडणं हे सगळं शिगेला पोचतं. यजमानांना तो उर्मटपणा वाटत असेल, पण त्यातला बराचसा भाग तल्लफेचा असण्याची शक्यता आहे. त्यांना एवढं जरूर सांगा. त्यांचा राग काळजीपोटी आहे हे मला दिसतंय, पण फोडलेल्या वेपच्या जागी दुसरं यायला एक दिवस पुरतो, आणि ते दुसरं तुम्हाला कधी सापडणार नाही.

मुलाशी तुम्हीच बोला. समोरासमोर बसवून नको, चालता चालता किंवा गाडीत शेजारी बसलेले असताना. नजरेला नजर नसली की मुलं मोकळी होतात, हे मी आमच्या ओपीडीतही पाहिलंय. तीनच गोष्टी विचारा: सकाळी जाग आल्यावर किती वेळात पहिला झुरका लागतो? त्यासाठी रात्री झोपमोड होते का? चार तास जवळ नसेल तर काय होतं? पहिला झुरका उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर शरीराला सवय जडली आहे असं धरा आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. खोलीत त्याच्याबरोबर तुम्ही बसू नका, त्याला एकट्याला बोलू द्या. तसं नसेल, कधीमधी मित्रांत ओढत असेल, तर आता सुटण्यासारखं आहे. उत्तर काहीही आलं तरी त्या क्षणी रागावू नका. पुढच्या वेळी तो तुम्हाला खरं सांगेल की नाही, ते तिथेच ठरणार आहे.

प्रश्न: वय २४, नोकरीत रात्रपाळी. हॉस्टेलवर रूममेटचं वेप ओढून सुरुवात झाली. आता दिवसाला किती ओढते ते मलाच सांगता येत नाही. उशीखाली ठेवून झोपते, मध्येच जाग आली की एक झुरका घेऊन परत झोपते. तीनदा सोडून पाहिलं, दोन दिवसांच्या वर टिकत नाही. घरी कुणाला माहीत नाही. मी इतकी कमकुवत मनाची आहे का?

उत्तर: नाहीस. तिन्ही वेळा तू दुसऱ्या दिवशी हरलीस, आणि दुसरा-तिसरा दिवसच सगळ्यांत कठीण असतो. तू प्रत्येक वेळी चढावर सर्वांत उभ्या जागी जाऊन परत फिरलीस. आणखी दोन दिवसांनी उतार लागला असता. पूर्ण स्थिरावायला दोन ते चार आठवडे जातात, पण ते पहिल्या तीन दिवसांसारखे नसतात.

तुझ्याच वयाची एक मुलगी खोकल्यासाठी माझ्याकडे आली होती. "फारसं नाही ओढत मी," असं सांगत असताना तिचा उजवा हात जॅकेटच्या खिशात जात होता, बाहेर येत होता, पुन्हा जात होता. मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटांत चार वेळा. मी तिला ते सांगितलं तेव्हा तिला ते खरंच वाटेना. निकोटिन झुरक्यानंतर दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे झोपेतही ते उतरत जातं आणि शरीर तुला उठवतं. त्या झुरक्यानंतर जे शांत वाटतं ती उसनी शांती आहे गं, आधीच्या झुरक्याने तयार केलेली बेचैनी तेवढी मिटते. निकोटिन हे मुळात उत्तेजक. रात्रपाळीनंतर दिवसा झोपणाऱ्या माणसाला ते फार महागात पडतं.

उद्यापासून सोडू नकोस. आधी चार दिवस नुसतं मोज. वेप घरातल्या दुसऱ्या खोलीत, शक्यतो उंच फळीवर ठेव आणि जवळ एक कागद लावून ठेव. ओढायला उठलीस की एक रेघ. ऑफिसमध्ये असशील तर फोनमध्ये नोंद. झुरके मोजायचे नाहीत, किती वेळा हातात घेतलंस ते मोजायचं. मी ज्यांना हे करायला सांगते त्यांच्यापैकी पुष्कळांचं ओढणं या मोजण्यानेच थोडं खाली येतं, कारण सिगारेटमध्ये मिळायची ती मधली फट इथे पुन्हा तयार होते. मग पहिली हद्द घाल: झोपायच्या खोलीत वेप येणार नाही. उशीखालची जागा एकदा मोकळी झाली की अर्धी लढाई तिथेच आहे, हे मी खूप जणांकडून ऐकलंय. त्यानंतर उठल्यावरचा पहिला झुरका दर दोन दिवसांनी अर्धा तास पुढे ढकलत जा. कमी निकोटिनचा द्रव घेऊन उतरण्याचा मार्गही आहे, पण तिथे सावध राहा. निकोटिन कमी पडलं की माणूस नकळत लांब आणि खोल झुरके घेतो आणि हिशोब तिथेच येतो.

सोडायचा दिवस पाळी बदलण्याच्या आठवड्यात ठेवू नकोस. आदल्या दिवशी जवळचे सगळे पॉड (वेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या कुप्या), चार्जर आणि विकणाऱ्याचा नंबर काढून टाक. तल्लफ आली की पाच-दहा मिनिटांत ओसरते, ओढलं तरी आणि न ओढलं तरी. तेवढ्या वेळासाठी काय करायचं हे आधीच ठरवून ठेव: जागेवरून उठणं, थंड पाणी घोट घोट पिणं, एखाद्या मैत्रिणीला फोन. ती एक मैत्रीण तुला लागेलच. घरी सांगायची हिंमत नसेल तर नको सांगूस, पण एकाही माणसाला माहीत नसताना सोडणं फार जड जातं.

आणि औषधांची लाज धरू नकोस. निकोटिनचा च्युइंगगम, पॅच हे डॉक्टरांना विचारून घे. गम साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, पुन्हा थोडा चावायचा. सतत चघळून त्याचा रस गिळत गेलं तर उचक्या लागतात, पोट बिघडतं आणि लोक म्हणतात, गमचा उपयोग नाही. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे. १६ ते २५ वयाच्या वेप ओढणाऱ्यांवर झालेली तिची चाचणी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात २०२५ मध्ये आली. बारा आठवड्यांअखेर ही गोळी घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के जणांचं वेप सुटलेलं होतं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्के जणांचं. समुपदेशन दोन्ही गटांना मिळालं होतं. म्हणजे फरक पडला तो औषधाने, कोणाच्या मनाच्या ताकदीने नव्हे. या गोळीने मळमळतं, चित्रविचित्र स्वप्नं पडतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

एवढं मात्र करू नकोस: वेप सोडायचं म्हणून सिगारेट धरू नकोस.

प्रश्न: वय ४१. अठरा वर्षं सिगारेट ओढली. वर्षभरापूर्वी वेप घेतलं आणि सिगारेट पूर्ण बंद झाली. बायको म्हणते, दोन्ही सारखंच. कोणाचं बरोबर?

उत्तर: बरंचसं तुमचं. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो, त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड मिळतं. वेपमध्ये काही जळत नाही, म्हणून मुरलेल्या सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात विषारी द्रव्यं पुष्कळच कमी जातात. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र करून घेतलेल्या आढाव्यातही निकोटिनच्या वेपने सिगारेट सुटण्याचं प्रमाण गम-पॅचपेक्षा जास्त दिसतं. पण दोन अटी आहेत. सिगारेट पूर्ण बंद हवी. दिवसा वेप आणि रात्री दोन सिगारेटी, यात फारसं काही हाती लागत नाही. दुसरं, वेपलाही शेवटची तारीख हवी. वर्ष झालंय, आता ती ठरवा. घरात शाळा-कॉलेजातली मुलं असतील तर "हे सिगारेटपेक्षा बरं" हे वाक्य त्यांच्यासमोर बोलू नका. ते तुमच्यापुरतं खरं आहे, त्यांच्यापुरतं नाही.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. नववीच्या तीन मुली स्वच्छतागृहात वेप ओढताना सापडल्या. एकीला त्या वेळी उलटी झाली, पण तिने "सकाळी काही खाल्लं नव्हतं" असं सांगितलं. शाळा तिघींना पंधरा दिवस काढून टाकायच्या विचारात आहे. माझं मत विचारलंय. काय सांगू?

उत्तर: बाई, तुमच्या पत्रात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती उलटी. मळमळ, चक्कर, घाम, छातीत धडधड ही निकोटिन जास्त झाल्याची लक्षणं आहेत. आणि तिने ते लपवलं.

२०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणारी तरुण मुलं एकामागोमाग एक धाप लागून रुग्णालयात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले आणि ६८ दगावले. बहुतेकांच्या वेपमध्ये गांजातला टीएचसी हा घटक होता आणि तो द्रव दाट करायला त्यात व्हिटॅमिन ई अॅसिटेट घातलेलं होतं. सिंगापूरमध्ये एटोमिडेट हे भूल देण्याचं औषध वेपमध्ये सापडायला लागलं, शेवटी सप्टेंबर २०२५ पासून त्यांना ते अमली पदार्थांच्या यादीत टाकावं लागलं. ब्राझीलने २००९ मध्ये आणि भारताने २०१९ मध्ये वेपच्या विक्रीवर बंदी घातली, सिंगापूरमध्ये तर वापरावरही बंदी आहे, तरी मुलांच्या हातात वेप पोचतंच. चोरून आलेल्या पॉडमध्ये नेमकं काय आहे, हे ओढणाऱ्या मुलीला माहीत नसतं आणि विकणाऱ्यालाही नसतं. अशा वेळी मुलगी खाली कोसळली तर तिच्या शेजारच्या दोघींनी धावत येऊन "बाई, हिने हे ओढलंय" असं सांगितलं पाहिजे. शिक्षेच्या धाकाने त्या गप्प बसल्या तर डॉक्टरचा सगळ्यांत मोलाचा वेळ चुकीच्या तपासण्यांत जातो.

म्हणून शाळेला हे सांगा: आजारी पडल्याचं जी सांगेल तिला शिक्षा नाही, हे वर्गावर्गात जाहीर करा. पंधरा दिवस घरी बसवून काय होईल? आईवडील कामावर, मुलगी दिवसभर एकटी, आणि वेप खिशात. त्याऐवजी तिघींना शाळेतच ठेवा, पालकांना वेगवेगळं बोलवा, कुणाला तल्लफ जडली आहे ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. तिघींची गोष्ट एकसारखी नसणार. एक सर्रास ओढणारी, एक नवखी आणि एक नुसती सोबतीला गेलेली, असं बहुधा निघतं.

हताश मात्र होऊ नका. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांतलं वेपचं प्रमाण २०१९ मध्ये २७.५ टक्के होतं, २०२४ मध्ये ते ७.८ टक्क्यांवर आलं. खरेदीचं किमान वय २१ केलं, पॉडमधले फळांचे फ्लेवर आवरले, मुलांच्या भाषेत मोहिमा चालवल्या. कोणा एका उपायाचं ते यश नव्हे, पण आकडा खाली आणता येतो हे त्यातून दिसलं.

प्रश्न: वय १७. मी फक्त पार्टीत ओढतो, तेही मित्राचं. त्यावर 'शून्य निकोटिन' लिहिलंय. मग काय प्रॉब्लेम?

उत्तर: लेबलवर भरवसा ठेवू नकोस. 'निकोटिन नाही' असं लिहिलेले द्रव तपासल्यावर त्यांत निकोटिन निघाल्याचं एकाहून जास्त वेळा दिसलंय. आणि खरोखर नसलं तरी फ्लेवर उरतातच. डायअॅसिटिल नावाचं लोण्याच्या चवीचं रसायन खायला सुरक्षित मानतात. तेच हुंगणाऱ्या पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांतल्या बारीक नळ्यांना कायमचे व्रण पडले. वेपच्या काही फ्लेवरमध्ये ते सापडलं, म्हणून ब्रिटनमध्ये वेपच्या द्रवात ते घालायला मनाई आहे. पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नाही.

तू खरं लिहिलंस हे मला आवडलं. पुढच्या दोन पार्ट्यांना ते हातात न घेता जाऊन ये. मित्राने पुढे केलं तेव्हा काय वाटलं, हात किती वेळा तिकडे गेला, घरी आल्यावर चिडचिड झाली का, हे मला लिही. उत्तर मी नक्की देईन, आणि ते छापणार नाही.